जोडे बाहेर, पिस्तूल आत?

२०२३ च्या अधिक महिन्यातली गोष्ट. नांदेडला आत्याकडे धोंड्याच्या जेवणाचा बेत होता. आपल्याकडे या महिन्यात जावयाला बोलवायचे, तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे, लक्ष्मी-नारायणाचा जोडा म्हणून लेकी-जावयाला ओवाळायचे ही रीत. आत्याची नात लातूरला दिली आहे. नातजावई बांधकामाची कंत्राटे घेतात. माणूस मनमिळाऊ, पान-सुपारीचेही व्यसन नाही. दारात पायांवर पाणी घातले, जोडे बाहेर काढून ठेवले आणि जावईबापू बैठकीत लोडाला टेकून बसले.

टेकताना काहीतरी टोचले असावे. त्यांनी सदरा थोडा वर केला, कमरेचे कातडी म्यान सोडवले आणि लोडाच्या मागे सरकवून दिले. अगदी सहज, खिशातला चष्मा काढून ठेवावा तसे. मोठ्यांपैकी दोघातिघांनी ते पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले. थोड्या वेळाने पाने वाढली गेली, जावईबापू हात धुवायला मागच्या अंगणात गेले आणि पाच वर्षांचा पणतू लोडांवर कोलांट्या खेळायला लागला. पुढे काय झाले असते ते कोणी सांगावे? आत्याच्या सुनेच्या ध्यानात आले म्हणून तिने मुलाला दंडाला धरून ओढले. मूल रडायला लागले. 'उगाच मारलं त्याला,' असे कोणीतरी म्हणाले, आणि ती बिचारी खरे कारण सांगू शकली नाही. जावयासमोर कसे सांगणार?

जेवणे झाली. विडे झाले. मग पंचाऐंशी वर्षांच्या आत्याने, आवाज न चढवता, एवढेच विचारले, "बापू, आमच्या घरात कुणाचं भ्याव वाटू लालंय का तुम्हाला?"

बैठकीत एकदम शांतता पसरली. जावईबापूंचा चेहरा उतरला. "नाही हो आत्याबाई, सवयीनं राहतं कमरेला," असे काहीतरी ते पुटपुटले, उठले आणि ते म्यान गाडीच्या कप्प्यात ठेवून आले.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. परवान्याचे पिस्तूल कमरेला लावून दुसऱ्याच्या घरात जावे का? कायदा काय म्हणतो? आणि कायदा जिथे गप्प बसतो तिथे आपली रीतभात काय म्हणते? आपल्या नांदेड-लातूरकडे हा प्रश्न वाटतो तितका दुर्मिळ राहिलेला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

भीती खोटी नाही

आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शस्त्र बाळगणारा प्रत्येक माणूस मिरवण्यासाठीच बाळगतो, असे नाही. २०१८ च्या जूनमध्ये लातूरमध्ये एका खासगी क्लासच्या संचालकाची गोळ्या झाडून हत्या झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये नांदेडमध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घरासमोरच गोळ्या घातल्या गेल्या. अशा बातम्या वाचल्यावर त्याच धंद्यातला माणूस रात्री गेटचे कुलूप दोनदा तपासतो आणि सकाळी परवान्याच्या अर्जाची चौकशी करतो. त्याला हसण्यात अर्थ नाही.

पण दुसरी बाजूही आपल्या शेजारीच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि त्यानंतर त्या जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा सुरू झाली. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेंहून अधिक परवाने असल्याचे पुढे आले. कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांची, हवेत बार काढणाऱ्यांची चित्रे घरोघर मोबाइलवर पाहिली गेली. मग छाननी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यात आले. म्हणजे भीतीपोटी घेतलेले शस्त्र आणि रुबाबापोटी घेतलेले शस्त्र, दोन्ही एकाच रंगाच्या परवान्यावर मिळतात. यजमानाला ते वरून ओळखता येत नाही. पाहुण्यालाही कित्येकदा आपले आपल्याला ओळखता येत नसावे.

देवडीची रीत

आपला मुलूख शस्त्रांना नवखा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड काय नि लातूर काय, निजामाच्या राज्यात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, त्याचा वेगळा जिल्हा व्हायला १९८२ चा १५ ऑगस्ट उजाडावा लागला. सावकारांच्या दारात रोहिले आणि अरब पहारेकरी असत. रझाकारांच्या काळात गावोगाव ज्याला जे मिळेल ते हत्यार उशाला घेऊन लोक झोपले. त्या दिवसांच्या आठवणी सांगणारी माणसे आता फार थोडी राहिली.

तरीही त्या काळच्या घरांची रचना पाहा. गढीला किंवा वाड्याला देवडी असे. देवडी म्हणजे नुसता दरवाजा नव्हे, आत आणि बाहेर यांच्यामधली जागा. पहारेकरी तिथे बसत, त्यांची हत्यारे तिथे असत. चौकातून पुढे माजघरात, देवघरात, स्वयंपाकघरात जाताना माणसाने बाहेरचे बाहेर ठेवून यावे, अशी कल्पना त्या बांधणीतच होती. आजच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला देवडी नाही. जोडे ठेवायचे एक लाकडी कपाट तेवढे दाराशी असते. म्हणून जोडे बाहेर राहतात आणि पिस्तूल आत येते.

शस्त्राला आपण अशुभ मानत नाही, हेही खरे. खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो. लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार असते, पण तिच्या टोकाला लिंबू खोचलेले असते. लहानपणी मला ते लिंबू दृष्ट लागू नये म्हणून असते असे सांगितले होते. आता वाटते, मांडवात पोराबाळांची गर्दी असताना उघडे टोक नको, एवढा साधा विचारही त्यात असेल.

नांदेडकरांना आणखी एक उदाहरण रोज डोळ्यांसमोर आहे. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली इथेच देह ठेवला. सचखंड हजूर साहिबमध्ये जतन केलेल्या शस्त्रांचे दर्शन संगतीला घडवले जाते. शीख बांधवांचे कृपाण हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग आहे, आणि राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच तसे नमूद आहे. तेव्हा इथे चाललेली चर्चा कृपाणाची नाही. श्रद्धेने अंगावर धारण केलेली वस्तू वेगळी आणि गोळ्या भरून सदऱ्याखाली लपवलेले पिस्तूल वेगळे. या दोहोंची गल्लत कोणी करू नये.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ चा. कलम ३ प्रमाणे परवान्यावाचून अग्निशस्त्र बाळगता येत नाही. पूर्वी एका माणसाला तीन अग्निशस्त्रे ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती संख्या सर्वसाधारणपणे दोनवर आली, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. वयाची अट एकवीस वर्षांची. आपल्याकडे परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हादंडाधिकारी या नात्याने असतो, आणि त्याआधी पोलिसांचा अहवाल मागवला जातो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते, शरीर-मनाच्या स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. ती हमी सरकारला दिलेली असली, तरी तिचा उपयोग घरातल्या लेकरांना असतो.

आता बाहेर नेण्याविषयी. याच नियमांतला ३२ वा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर म्यानात अथवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या पक्क्या ताब्यात असले पाहिजे. ते उगारणे, दाखवून धाक घालणे, बार काढणे यांना मनाई आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा इथे खास परवानगीवाचून शस्त्र नेता येत नाही. शिक्षणसंस्थेच्या आवारातही नाही. लातूरसारख्या गावात, जिथे गल्लोगल्ली विद्यार्थी राहतात आणि पालक मुलांना सोडायला कॉलेजच्या दारापर्यंत जातात, तिथे ही अट प्रत्येक परवानाधारकाने पाठ करून ठेवावी. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढणाऱ्यांसाठी तर २०१९ साली कलम २५ मध्ये वेगळी तरतूद झाली. बेदरकारपणे गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवान्यावर क्षेत्रही लिहिलेले असते. आपल्या भागात सोयरिकी राज्याच्या हद्दी ओळखत नाहीत. उदगीरची लेक बिदरला, देगलूरचा भाचा निजामाबादला. पण परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर उदगीरला कायदेशीर असलेले पिस्तूल बिदरच्या व्याह्यांच्या दारात बेकायदा ठरते. तास-दीड तासाच्या प्रवासात माणूस परवानाधारकाचा आरोपी होऊ शकतो.

आणि परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराण्याच्या नावाचा नव्हे. म्हणून रात्री मुक्कामाला राहिलेला पाहुणा जेव्हा म्हणतो, "वहिनी, एवढं तुमच्या कपाटात ठेवा," तेव्हा वहिनींनी नम्रपणे नाही म्हणावे. परवाना नसलेल्या माणसाच्या कुलपात शस्त्र सापडले, तर ताबा कोणाचा हा प्रश्न उभा राहतो आणि उत्तर देता देता घरदार पोलीस ठाण्यात बसते.

राहता राहिला मूळ प्रश्न. परवाना, क्षेत्र, म्यान सगळे ठीक असेल तर दुसऱ्याच्या घरात शस्त्र न्यावे की नाही? आपला शस्त्र कायदा याबाबत घरमालकाच्या परवानगीची वेगळी अट घालत नाही. पण म्हणून पाहुण्याला हक्क मिळतो, असेही नाही. घर ज्याचे, शब्द त्याचा. 'शस्त्र घेऊन आत येऊ नका' असे यजमान म्हणू शकतो. सांगूनही धाक दाखवण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी कोणी ठाण मांडले, तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मधल्या फौजदारी अतिक्रमणापर्यंत जाऊ शकते. सोयऱ्याधायऱ्यांत कोणी तिथवर जात नाही, जाऊही नये. पण आपल्या बाजूला कायदा आहे एवढे यजमानाला ठाऊक असले, तर त्याच्या तोंडातून शब्द फुटायला मदत होते.

परदेशात हा प्रश्न लोकांनी कायद्यातच सोडवायला घेतला आहे. अमेरिकेत शस्त्र बाळगणे आपल्यापेक्षा कितीतरी सोपे. तरी तिथल्या अलास्का राज्यात, लपवलेले शस्त्र घेऊन दुसऱ्याच्या राहत्या घरात जायचे तर त्या घरातल्या प्रौढ माणसाची स्पष्ट परवानगी लागते. हवाई राज्याने २०२३ साली खासगी जागांबाबत असाच नियम केला आणि तो वाद थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी आयाही आता एक प्रश्न विचारायला शिकल्या आहेत. मुलाला मित्राच्या घरी खेळायला पाठवण्याआधी, 'घरात कुत्रा आहे का' याच्या जोडीला, 'बंदूक आहे का, आणि कुलपात आहे का?' असे विचारावे, हा सल्ला तिथले बालरोगतज्ज्ञ देतात. विचारणाऱ्याला कोणी उद्धट समजत नाही.

ओळखीचे दार

'घरातल्या माणसाचीच कसली भीती?' असे आपण म्हणतो. मराठवाड्याला याचे उत्तर २२ एप्रिल २००६ च्या सकाळी मिळाले. अंबाजोगाईच्या मातीतून वर आलेले प्रमोद महाजन मुंबईत वरळीच्या आपल्या घरी होते. धाकटा भाऊ भेटायला आला. भावाला दार उघडणारच. थोडा वेळ बोलणे झाले आणि भावाने आपल्या परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. महाजन ३ मे रोजी गेले. डिसेंबर २००७ मध्ये भावाला जन्मठेप झाली आणि २०१० साली तोही गेला. त्या बातमीने अंबाजोगाई, लातूर, नांदेड या पट्ट्यात कित्येक घरांत त्या दिवशी चूल थंड होती. राजकारण कोणाचे काहीही असो, लोकांना भाऊ-भाऊ एवढेच दिसत होते.

त्या घटनेचा न्याय न्यायालयाने केला. आपल्यापुरता धडा एवढाच की परवाना देताना सरकार माणसाचा मागचा इतिहास तपासते, त्याचा पुढचा संताप तपासू शकत नाही. वाटणीचे बोलणे, पैशाचे येणे, जुना मानपमान, यांतले काहीही घरातल्या बैठकीतच निघते. रागाच्या भरात हात उचलला गेला, तर दुसऱ्या दिवशी माफी मागता येते. कमरेला पिस्तूल असले, तर तो दुसरा दिवस उजाडेलच असे नाही.

आणि भांडण नसले तरी अपघात असतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्याच पायात शिरली. कपाटात ठेवताना ते निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातून, मोठ्या माणसाचे हे होते, तर परक्या घरातल्या लोडामागे काय होणार नाही?

इथे एक माहिती प्रत्येक घरात असायला हवी. पिस्तुलाची गोळ्यांची पेटी काढली की ते रिकामे झाले, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. पेटी काढल्यावरही एक गोळी नळीच्या मागच्या घरात चढलेली राहू शकते आणि पुष्कळ पिस्तुलांत घोडा ओढताच ती सुटते. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात गोळ्या असतात, त्याला वेगळी पेटी नसतेच. तेव्हा 'रिकामं आहे, बघा की हातात घेऊन,' असे कोणी म्हटले तर हात मागे घ्यावा. आणि मुलाने पिस्तूल पाहिले तर त्याला हात लावायचा नाही, तिथून लांब जायचे आणि मोठ्यांना सांगायचे, एवढे तीन शब्दांत शिकवून ठेवावे.

पाहुण्याने काय करावे?

पहिली गोष्ट, शस्त्र घरीच कुलपात ठेवून निघावे. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयाप्रमाणे कित्येकांना आपली शस्त्रे जमा करावी लागतात. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही वेळा लोकांनी ती जमा केली. त्या काळातही ते जेवणावळींना गेले, बारशांना गेले. धोंड्याच्या जेवणापुरते एक दिवस ते नसले, तर आभाळ कोसळत नाही.

दुसरी गोष्ट, धोका खरोखरच असेल आणि जवळ ठेवणे भागच असेल, तर यजमानाला आधी फोनवर सांगावे. दारात नव्हे, पंगतीत तर नव्हेच. 'असं असं आहे, चालेल का? नसेल तर बाहेर भेटू,' एवढे म्हणण्यात कमीपणा नाही. होकार मिळाला तर ते अंगावरच, झाकलेले ठेवावे. लोडामागे, उशीखाली, फ्रिजवर, देवघराच्या फळीवर कधीही नाही. गाडीच्या कप्प्यातही नाही, कारण काच फोडून पाकीट नेणारा चोर पिस्तूल ठेवून जात नाही, आणि मग हरवल्याची खबर ठाण्यात द्यायला यजमानाच्या घरूनच पळावे लागते.

तिसरी गोष्ट, जिथे दारू असेल, जिथे वाटणीचे बोलणे असेल, जिथे मूल आजारी किंवा माणूस खचलेला असेल, तिथे शस्त्र घेऊन पाऊलच टाकू नये. खचलेल्या माणसाच्या हाताशी शस्त्र येऊ न देणे हे त्याच्यावरचे मोठे उपकार आहेत.

आणि यजमानाने?

यजमानाची अडचण वेगळी. जावई रुसेल, व्याही दुखावतील, साहेबांना राग येईल. पण जो प्रश्न आपण विचारत नाही, त्याचे ओझे घरातल्या बाईवर पडते, कारण पंगतीकडे आणि लेकरांकडे एकाच वेळी तिचेच लक्ष असते. तेव्हा घरच्या कर्त्या पुरुषाने पुढे व्हावे. चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन, मान राखून सांगावे, 'लहान लेकरं आहेत, जीव धास्तावतो, पुढच्या वेळी घरी ठेवून या.' दोष मुलांच्या खोडकरपणावर घालावा, पाहुण्यावर नाही. शहाणा माणूस ओळखतो. जो एवढ्यानेही रुसतो, त्याच्या हाती ते शस्त्र असावे का, याचा विचार त्याच्या घरच्यांनी करावा.

आत्याने मात्र असले काही आडवळण घेतले नव्हते. तिने सरळ भीतीचेच विचारले, आणि मला वाटते तिला नेमके कळले होते. कमरेला पिस्तूल लावून घरात शिरणारा पाहुणा न बोलता असे म्हणत असतो की, मला इथेही पुरते सुरक्षित वाटत नाही. यजमानाने पाय धुवायला पाणी दिलेले असते, आणि त्याला हे उत्तर मिळते.

त्याच वर्षी दिवाळीला जावईबापू पुन्हा नांदेडला आले. जोडे काढले, आत्याच्या पाया पडले आणि बसण्याआधीच हळूच म्हणाले, "आत्याबाई, लातूरला कपाटात ठेवून आलोय. किल्ली हिच्याजवळ आहे."

आत्याने अनारशांचा डबा पुढे केला. या वेळी पणतू त्यांच्या मांडीवर जाऊन बसला आणि सुनेने स्वयंपाकघरातून एकदाही बैठकीत डोकावून पाहिले नाही.